प्रेअरीची रानफुले ओळखताना रंग शेवटी पाहावा

शाळेच्या भूगोलात प्रेअरीची ओळख होते ती गव्हाचे कोठार म्हणून. कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागात पसरलेला हा गवताळ प्रदेश मुळात गव्हाचा नव्हता; तो बायसनच्या कळपांचा, उंच-बुटक्या गवतांचा आणि त्या गवतांच्या आडोशाने वाढणाऱ्या शेकडो रानफुलांचा होता, हे मात्र त्या धड्यात सहसा येत नाही. १८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन कसणाऱ्याला देण्यास सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक जमीन नांगराखाली गेली. मॅनिटोबातील उंच गवताची प्रेअरी आज मूळच्या एक टक्क्याहूनही कमी उरली आहे. विनिपेग शहराच्या हद्दीत १९६८ साली राखून ठेवलेला ‘लिव्हिंग प्रेअरी म्युझियम’चा सुमारे १२ हेक्टरांचा तुकडा हा त्या उरलेल्या भागांपैकी एक असून एवढ्याशा जागेतही दीडशेहून अधिक जातींच्या वनस्पती आढळतात. एरवी मूळची प्रेअरी शोधायची तर रेल्वेमार्गाच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, नाहीतर नांगर चालणार नाही अशा खडकाळ चढणीवर जावे लागते.

विनिपेग, कॅल्गरी, एडमंटन या शहरांत आता मराठी कुटुंबे बऱ्यापैकी आहेत. त्यांच्यापैकी कोणी पहिल्या उन्हाळ्यात फुलांची छायाचित्रे काढली, तर त्यांतली निम्मीअधिक फुले मूळची तिथली नसण्याचीच शक्यता मोठी असते. मे महिन्यात हिरवळीवर पिवळा सडा घालणारे डँडेलियन आणि जुलैत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेइतके वाढणारे पिवळे स्वीट क्लोव्हर ही दोन्ही युरोप-आशियातून आलेली आहेत. म्हणून इथे फूल ओळखणे म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे होय : ही जात कोणती, आणि ती मूळची इथली की मागाहून आलेली.

या दोन्ही प्रश्नांसाठी नवशिक्याचा पहिला आधार असतो फुलाचा रंग, आणि नेमका तोच सर्वांत कच्चा आधार आहे. ऑगस्टमध्ये एकाच माळरानावर पिवळ्या फुलांच्या डझनभर जाती सहज भेटतात. उलट एकाच जातीत जांभळ्याच्या जोडीला पांढरी फुलेही निघतात, आणि जुने झालेले फूल विटून भलत्याच रंगाचे होते. माझ्या मते आधी तारीख, मग जमीन, त्यानंतर पान व खोड, मग फुलाची मागची बाजू आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम पाळला तर निम्मा गोंधळ मिटतो.

तारीख

विनिपेगमध्ये जानेवारीतल्या रात्री तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली जाणे ही नित्याची बाब आहे. उणे ३० देखील तिथे कोणाला नवलाचे वाटत नाही. दव गोठवणारी थंडी नसलेला काळ वर्षातून जेमतेम चार महिन्यांचा. एवढ्या अवधीत उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सगळे उरकायचे असल्यामुळे बहुतेक रानफुले बहुवर्षायू आहेत : वरचा भाग दर हिवाळ्यात मरतो, आणि पुढच्या वर्षीचे कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली, बर्फाच्या थराच्या आसऱ्याने टिकून राहतात. प्रत्येक जातीचा फुलण्याचा काळ साधारण काही आठवड्यांचा आणि बराचसा ठरलेला असतो. त्यामुळे २० एप्रिल आणि २० ऑगस्ट या दोन तारखांना दिसणाऱ्या जातींच्या याद्यांत जवळजवळ एकही नाव सामाईक नसते.

यादीतले पहिले नाव प्रेअरी क्रोकसचे. मॅनिटोबाने १९०६ साली ते प्रांताचे फूल म्हणून स्वीकारले. एप्रिलमध्ये, सावलीतला बर्फ अजून वितळायचा असताना, दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारांवर वाळलेल्या गवतातून ते वर येते. गुडघे टेकून जवळून पाहिले तर प्रथम नजरेत भरते ती लव. देठावर, कळीवर आणि फुलाच्या बाहेरच्या अंगावर लांब रुपेरी केस असतात, आणि फुलाच्या थोडे खाली बारीक चिरलेल्या तीन छदांचे, म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या भागांचे, तसेच केसाळ वर्तुळ असते. फिकट जांभळी दले पाच ते सात असतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्या पाकळ्या नसून निदले आहेत. मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांची दाटी असते. खरी पाने या वेळी दिसतच नाहीत, ती फूल ओसरताना येतात. फूल दिवसभर सूर्याच्या दिशेने वळत राहते आणि त्याच्या वाटीत बाहेरच्या हवेपेक्षा किंचित अधिक ऊब साठते. त्या थंडीत बाहेर पडलेल्या मोजक्या कीटकांना ती पुरेशी असते. महिन्याभरात देठ दुप्पट-तिप्पट उंच होतो आणि त्याच्या टोकाला पिसासारख्या शेपट्यांच्या बियांचा झुबका येतो. एप्रिल आणि जूनमध्ये दिसणाऱ्या या दोन वस्तू एकाच झाडाच्या आहेत यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

नावावरून मात्र फसू नये. केशर ज्याच्यापासून मिळते तो खरा क्रोकस आयरिसच्या कुळातला, तीनच पुंकेसरांचा. प्रेअरी क्रोकस बटरकपच्या कुळातला असून त्याचा रस त्वचेला दाहक असतो. ओळखीच्या पलीकडेही हे फूल एक उपयोगी माहिती देते. एकदा नांगरलेल्या जमिनीवर ते सहजी परतत नाही. त्यामुळे जिथे ते आपणहून भरभरून उगवले आहे तिथली जमीन बहुधा कधीच नांगरली गेलेली नाही, असे मानून आसपासच्या इतर वनस्पतींकडे अधिक लक्षपूर्वक पाहावे.

जमीन

पूर्वेकडचे रेड नदीचे खोरे म्हणजे हिमयुगाच्या शेवटी आटलेल्या अगासिझ सरोवराचा तळ. तिथे काळी चिकण माती, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य आणि माणसाच्या उंचीचे बिग ब्लूस्टेम गवत. नैर्ऋत्य सस्कॅचवानमधल्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पर्जन्य साडेतीनशे मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि गवत घोट्या-गुडघ्याशी थांबते. वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड हे झालरीच्या पांढऱ्या फुलांचे दुर्मीळ ऑर्किड कॅनडात फक्त मॅनिटोबाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ओलसर कुरणांत आढळते. तेव्हा कॅल्गरीजवळच्या कोरड्या टेकडीवर ते दिसल्यासारखे वाटले, तर आपण दुसरेच काहीतरी पाहत आहोत असे खुशाल समजावे.

पान, खोड आणि भिंगाखालचे फूल

मे महिन्यात कोरड्या उतारांवर गोल्डन बीनचे पिवळे ताटवे दिसू लागतात. फूल वाटाण्याच्या फुलासारख्या घडणीचे, आणि पानात तीन पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे छोटे भाग. मात्र देठाच्या तळाशी दोन रुंद उपपर्णे इतकी मोठी असतात की प्रथमदर्शनी पान पाच पर्णिकांचे वाटते. हे पाहिले की स्वीट क्लोव्हरशी घोटाळा होत नाही, कारण त्याची फुले अगदी बारीक, पर्णिकांच्या कडा दातेरी आणि फुलण्याचा काळ जून-जुलै. गोल्डन बीनच्या शेंगा व बिया विषारी आहेत, म्हणून मुले बरोबर असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवणे बरे.

याच कुळातील दोन गट अनुभवी माणसालाही थांबून विचार करायला लावतात : लोकोवीड आणि मिल्कव्हेच. दोन्हींची पाने कडुनिंबाच्या पानासारखी एका दांड्याला अनेक पर्णिका असलेली, दोन्हींची फुले पांढरी, पिवळट किंवा जांभळी. लोकोवीडची पाने व फुलांचे दांडे बहुधा थेट जमिनीतून निघतात आणि मिल्कव्हेचला बहुधा पाने धरणारे खोड असते. पण मिल्कव्हेचच्या काही जाती जमिनीलगतच वाढत असल्यामुळे एवढ्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी दहापट मोठे दाखवणारे भिंग काढावे. वाटाण्याच्या फुलात खालच्या दोन पाकळ्या जुळून नावेसारखा भाग होतो. वरची मोठी पाकळी आणि बाजूच्या दोन पाकळ्या नखाने हलकेच बाजूला सारल्या की तो दिसतो. त्याच्या टोकाला बारीकशी अणकुचीदार चोच असेल तर ते लोकोवीड, टोक बोथट असेल तर मिल्कव्हेच. ही तपासणी पशुपालकांच्याही कामाची आहे, कारण लोकोवीडच्या काही जातींत वास्तव्य करणारी बुरशी स्वेन्सोनिन नावाचे विष तयार करते आणि ती झाडे दीर्घकाळ खाणाऱ्या गुरांचे चेतासंस्थेचे कार्य बिघडते.

पानांची मांडणी किती निर्णायक ठरते हे वेस्टर्न रेड लिलीवरून कळते. १९४१ पासून ते सस्कॅचवानचे प्रांतीय फूल आहे आणि १९६९ मध्ये स्वीकारलेल्या प्रांताच्या ध्वजावरही तेच आहे. जूनच्या मध्यापासून महिनाभर, आकाशाकडे तोंड केलेली त्याची शेंदरी फुले गवतात लांबूनही दिसतात. बागांतून निसटून रस्त्याकडेला वाढणारी नारिंगी डेलिलीसुद्धा लांबून तशीच भासते. परंतु डेलिलीची पट्ट्यासारखी लांब पाने सगळी बुडातून निघतात, तर रेड लिलीच्या खोडावर खाली एकाआड एक आणि फुलाच्या खाली चक्राकार अशी पाने असतात. शिवाय रेड लिलीची सहा दले तळाशी इतकी निमुळती होतात की वरून पाहताना त्यांच्यामधल्या फटींतून खालचे गवत दिसते, आणि त्याच तळाशी पिवळसर भागावर गर्द ठिपके असतात. हे फूल तोडण्यास सस्कॅचवानमध्ये कायद्याने बंदी आहे. त्यामागे साधे कारण आहे : फुलाबरोबर खोडाची पानेही गेली की जमिनीतल्या कंदाला अन्न मिळत नाही आणि पुष्कळदा तो मरतो.

जुलैत फुलणारे वाइल्ड बर्गमॉट मराठी माणसाला बोटांनीच ओळखता येईल. खोड दोन बोटांत धरून फिरवले की चौकोनी लागते आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. ही तुळस-पुदिन्याच्या कुळाची खूण आहे, आणि बर्गमॉट त्याच कुळातले आहे. पान चुरगळले की ओव्याच्या जवळ जाणारा वास येतो. ओव्याला त्याचा वास मुख्यतः थायमॉल या द्रव्यामुळे येतो आणि बर्गमॉटच्या तेलातही थायमॉल व त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल ही द्रव्ये असतात. हे सगळे झाल्यावर मग वर टोकाला असलेल्या गुलाबी-जांभळ्या नळीदार फुलांच्या झुबक्याकडे पाहावे.

लुईस फ्लॅक्सची गोष्ट अगदी वेगळी आहे, कारण त्याच्या निळ्या पाकळ्या उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंत गळूनही जातात. सकाळी दिसलेले झाड संध्याकाळी सापडत नाही. १८०४ ते १८०६ च्या प्रसिद्ध मोहिमेतील मेरिवेदर लुईस यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. आपले जवस त्याचे सख्खे चुलत भावंड असून सस्कॅचवानमध्ये जवसाची शेती मोठ्या प्रमाणावर होते, आणि शेताबाहेर सांडलेल्या बियांची झाडे रस्त्याकडेला उगवतात. जवस एका वर्षात संपणारे, बहुधा एकाच सरळ खोडाचे. लुईस फ्लॅक्स बहुवर्षायू असल्याने त्याच्या बुडातून अनेक बारीक खोडांचा झुबका निघतो.

सूर्यफुलाचे कूळ : उलटे करून पाहावे

खरी कसोटी लागते ती सूर्यफुलाच्या कुळात. शेवंती, झेंडू याच कुळातले. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो : मधली चकती बिंबपुष्पकांची आणि पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या कडेच्या पट्ट्या किरणपुष्पकांच्या. गुच्छाला खालून आधार देणाऱ्या हिरव्या छदांकडे कोणी सहसा पाहत नाही, आणि जाती वेगळ्या करणारी अर्धी माहिती तिथेच असते.

ॲस्टर आणि फ्लीबेन यांचे उदाहरण घ्यावे. दोन्हींना फिकट जांभळी किंवा पांढरी किरणे आणि मधे पिवळी चकती. फूल उलटे केले की ॲस्टरची छदे कौलांसारखी एकावर एक अनेक ओळींत बसलेली दिसतात आणि त्यांची टोके हिरवी असतात. फ्लीबेनची छदे जवळपास सारख्या लांबीची, एकाच ओळीत उभी असतात. फ्लीबेनची किरणे दोऱ्यासारखी बारीक आणि बऱ्याच जातींत शंभराच्या आसपास, ॲस्टरची रुंद आणि सामान्यतः वीस-तीस. फ्लीबेन जूनमध्ये येते, ॲस्टर ऑगस्टअखेर व सप्टेंबरमध्ये. दसऱ्याच्या बाजारात आपल्याकडे ॲस्टर म्हणून जे फूल विकले जाते ते मूळचे चीनचे आणि वेगळ्या प्रजातीचे आहे, त्यामुळे त्याच्या आठवणीवर इथले ॲस्टर ओळखायला जाऊ नये.

दसऱ्याच्या हारांतला गलांडा मात्र थेट उपयोगी पडतो. तो गेलार्डिया प्रजातीचा, मूळचा उत्तर अमेरिकेचा, आणि त्याची बहुवर्षायू बहीण गेलार्डिया अरिस्टाटा पश्चिमेकडच्या कोरड्या प्रेअरीवर जुलैत फुलते. किरणे पिवळी, तळाशी तांबूस, टोकाला ठळकपणे तीन दाते. मधली चकती तपकिरी-जांभळी. खोडावर खरखरीत केस. किरणे गळाल्यावर उरणारा गोल लवदार चेंडूही ओळख पटवण्यास पुरेसा आहे.

गोल्डनरॉडच्या बाबतीत थोडे सबुरीने घ्यावे. फुलोऱ्याची घडण आधी पाहावी : स्टिफ गोल्डनरॉडचा माथा वरून सपाट असतो आणि पाने जाड, खरखरीत असतात, कॅनडा गोल्डनरॉडच्या फुलोऱ्याच्या फांद्या बाहेर वाकतात, त्यांच्या वरच्या अंगालाच फुले असतात आणि पानावर तीन शिरा उठून दिसतात. याखेरीजच्या जातींत संकर होत असल्यामुळे प्रत्येक झाडाला नाव देण्याचा अट्टहास धरण्यापेक्षा वहीत ‘गोल्डनरॉड’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. ऑगस्टमधल्या शिंकांचा दोषही याच्या माथी मारला जातो, पण त्याचे पराग जड, चिकट आणि कीटकांनी वाहून नेण्याजोगे असतात. वाऱ्यावर उडतात ते त्याच काळात फुलणाऱ्या, डोळ्यांत न भरणाऱ्या रॅगवीडचे.

मूळचे आणि आलेले

बागेतून सुटलेली काही झाडे मूळच्या जातींशी इतकी मिळतीजुळती असतात की उत्साहाच्या भरात भलत्याचेच संवर्धन होते. सर्वांत त्रासदायक जोडी निळ्या घंटाफुलांची आहे. मूळचे हेअरबेल नाजूक, तारेसारख्या खोडाचे. फुले थोडी आणि सर्व बाजूंना लोंबणारी, खोडावरची पाने गवतासारखी अरुंद. युरोपातून आलेले क्रीपिंग बेलफ्लॉवर दणकट, उभे. फुले खोडाच्या एकाच बाजूला ओळीने, बुडाची पाने हृदयाच्या आकाराची व दातेरी. त्याची मुळे जमिनीत खोल आणि जाड असून तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. अल्बर्टात ते उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे.

पाणथळ कुरणात उंच जांभळा फुलोरा दिसला की तो ब्लेझिंग स्टार आहे की परदेशी पर्पल लूजस्ट्राइफ, हे फुलण्याच्या दिशेवरून ठरवता येते. ब्लेझिंग स्टारची फुले वरून खाली उमलत येतात, जे फुलांच्या जगात तसे विरळा. लूजस्ट्राइफ नेहमीच्या रीतीने खालून वर उमलते आणि त्याची पाने समोरासमोर असतात. पर्पल प्रेअरी क्लोव्हर आणि परदेशी रेड क्लोव्हर यांत पान पाहणे पुरे : पहिल्याला बहुधा पाच सुईसारख्या पर्णिका, दुसऱ्याला तीन रुंद पर्णिका आणि प्रत्येकीवर फिकट कमानीची खूण. थिसल म्हणजे काटेरी झाडांच्या बाबतीत नाव पुन्हा दगा देते. कॅनडा थिसल कॅनडाचे नाहीच, युरोप-आशियातले आहे. त्याची फुले लहान आणि छदे जवळजवळ बिनकाट्याची असतात. मूळच्या फ्लॉडमन्स थिसलचे फूल मोठे, छदे काटेरी आणि पानाची खालची बाजू पांढऱ्या लोकरीने मढलेली असते. दिसेल तो काटा उपटण्याची सवय असलेल्यांनी उपटण्यापूर्वी पान उलटून पाहावे.

दुकानांत ‘वाइल्डफ्लॉवर’ म्हणून मिळणाऱ्या बियांच्या पाकिटांविषयीही सावध असावे. पुष्कळ मिश्रणांत युरोपातले कॉर्नफ्लॉवर आणि कॅलिफोर्नियाची पॉपी असते. ती दिसायला सुंदर असली तरी कॅनडाच्या प्रेअरीची नव्हेत.

फोन आणि हिवाळा

आयनॅचरलिस्टसारखे ॲप छायाचित्रावरून नाव सुचवते आणि ते सुचवणे बऱ्याचदा उपयोगी असते. पण समोरून काढलेल्या एकाच छायाचित्रात छदे, पानांची मांडणी आणि पानाची खालची बाजू दिसत नसल्यामुळे ॲपचा निर्णयही शेवटी रंग आणि आकारावरच होतो. म्हणून फुलाचे समोरून, मागून, खोडाला पान जुळते त्या सांध्याचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि आजूबाजूच्या जमिनीसह संपूर्ण झाडाचे अशी छायाचित्रे घ्यावीत. मग ॲपवरचे जाणकारही खात्रीने मत देऊ शकतात.

ऑक्टोबरनंतर रंगाचा प्रश्नच उरत नाही, आणि अभ्यासाला तो काळ वाईट नाही. बर्फातून वर राहिलेल्या वाळक्या काड्यांत बर्गमॉटचे गोल, छिद्रांचे बोंड चुरगळले तर जानेवारीतही ओव्याचा तो वास येतो. स्टिफ गोल्डनरॉडचा सपाट माथा तसाच टिकतो. पर्पल प्रेअरी क्लोव्हरचे करंगळीच्या पेराएवढे राखाडी कणीस हातात चुरले की बी सुटते. घरच्या बागेसाठी बी घ्यायचे असल्यास जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि राष्ट्रीय उद्यानांत तर काहीच तोडू वा उचलू नये, कारण तिथे ते बेकायदा आहे. मिळालेले बी लगेच कुंडीत पेरून घरात उबेला ठेवण्यात अर्थ नसतो. यांपैकी बऱ्याच जातींचे बी ओल्या थंडीत कित्येक आठवडे राहिल्याशिवाय रुजत नाही. म्हणून ते शरद ऋतूच्या शेवटी उघड्यावरच पेरावे, किंवा ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवावे आणि मे महिन्यात बाहेर काढावे.